अंडी-सीझन, बदकं आणि पहाटेचा आवाज: प्रकल्प नोंदी (अमळनेर)

वहीच्या पुठ्ठ्यावर नुसतं "आवाज" लिहिलंय कारण प्रकल्प तेवढाच आहे. घराच्या मागच्या जागेत सहा बदकं. बिजली, मिरची, शेवंता या तिघी खाकी कॅम्पबेल (भरपूर अंडी देणारी जात), ठमी गावठी, आणि दोन नर, सरपंच आणि उपसरपंच. पाळलेली हौसेपोटी, अंडी घरात खायला नि उरली तर शेजारी. मागच्या पावसाळ्यात पिल्लं आणली होती, आता माद्या अंड्यावर यायच्या वयात आल्यात आणि त्यासोबत ही जी काय चिडचिड नि कालवा सुरू झालाय त्याचं काय करायचं ते लिहून ठेवतोय, म्हणजे पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून डोकं खाजवायला नको.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

शेजारचे नाना आले सकाळीच, भिंतीवरून नाही, पुढच्या दारानं आले म्हणजे विषय सिरीयस. "काय रे भाऊ, तुन्या बदका पहाटपासून कायले बोंबलतस? पोऱ्या दहावीले शे." म्हटलं "करसू नाना, काहीतरी करसू." चहा घेऊन गेले पण मिशीखाली हसले नाहीत. नातू दहावीला आहे, २१ तारखेपासून बोर्डाचे पेपर, आणि आमच्या बिजलीचा भोंगा पहाटे पाचच्या आधी चालू होतो ते सात-साडेसातपर्यंत. मधे श्वास घ्यायला थांबते तेवढंच.

म्हणून डेडलाईन ठरली, २१ फेब्रुवारी. आवाज बंद करायचा असं ध्येय ठेवलेलंच नाही, बदक गप्प बसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. कुणाला त्रास होतो, कितीला होतो नि कशामुळे ओरडतात एवढं आधी समजून घ्यायचं.

५ फेब्रुवारी

दोन पहाटा खुर्ची टाकून बसलो, मफलर, चहा, वही. पहिली गोष्ट म्हणजे ओरडणाऱ्या सगळ्या बायका आहेत. घरात हे वाक्य मोठ्यानं वाचल्यावर काय झालं ते लिहित नाही. पण खरंच तसंच असतं, बदकांत खणखणीत "क्वॅक क्वॅक" फक्त मादीचं, नराचा आवाज घसा बसल्यासारखा, खर्र खर्र, दहा फुटांवर ऐकू येत नाही. ज्यांना नर-मादी ओळखता येत नाही त्यांनी आवाजावरून ओळखावं, नाहीतर नराच्या शेपटीवर वर वळलेलं पीस असतं ते बघावं.

दुसरी गोष्ट, ओरडायचे प्रकार वेगवेगळे आहेत. मी आणि बायको दोघांनाही आता न बघता सांगता येतं. एक आहे उतरतं ओरडणं, पहिला सूर मोठा नि मग खाली खाली येत जाणारा, कुणी दिसेनासं झालं की हाक मारतात तसं. एक आहे खायला मागायचं, ते आपण दार उघडलं की सुरू. आणि तिसरं जे नानांना छळतंय ते एकसुरी, न थांबणारं, अर्धा-अर्धा तास, आणि ते करताना बिजली एका जागी उभी राहत नाही, कोपऱ्यात जाते, मान वाकडी करून बघते, पायानं उकरल्यासारखं करते, परत दुसरा कोपरा. रानातल्या बदकांतसुद्धा अंड्यावर यायच्या आधी माद्या पहाटे नि संध्याकाळी असंच लांबलचक ओरडत फिरतात, घरट्याची जागा बघायचे दिवस असतात ते. म्हणजे आमची बिजली रागावलेली नाही, ती भाड्यानं खोली बघत फिरतेय आणि पसंत पडत नाहीये.

९ फेब्रुवारी

पहिलं अंडं! शेवंताचं असावं. टाकलं कुठं तर धुण्याच्या दगडाजवळच्या चिखलात, अर्धं रुतलेलं. बदकांचं हे एक आहे, कोंबडी निदान आडोसा बघते, नवीन बदक चालता चालता सुद्धा टाकून मोकळी होते. अंडं लहान, पुढे मोठी होत जातील.

नानांच्या नातवाला गाठलं. त्यालाच विचारलेलं बरं, आजोबा वाढवून सांगतात. तो म्हणे काका मी चारला उठतो, चार ते साडेसहा वाचतो, त्यानंतर अंघोळ नि क्लास, नंतर ओरडू द्या की कितीही. एवढं सोपं. म्हणजे आवाज कमी नाही करायचा, पुढे ढकलायचा. साडेसहापर्यंत शांतता हवी, त्यानंतर सूट. मला हे फार पटलं कारण आवाजाच्या मागे लागलो असतो तर हरलोच असतो.

१२ फेब्रुवारी

घरटी केली. मार्केटवरून केळीचे जुने कॅरेट आणले, आडवे टाकून तीन बाजूंनी बारदान शिवलं, पुढचं तोंड निम्मं झाकलं, आत गव्हाचा भुसा नि त्यावर कडब्याची कुट्टी. जमिनीलाच ठेवले, बदक कोंबडीसारखं वर चढून बसत नाही. जागा खुराड्याच्या मागच्या भिंतीला, सगळ्यात अंधार तिथंच. भाच्यानं प्लास्टर ऑफ पॅरिसची अंडी बनवून दिली, एकेक आत ठेवलं. आधीच अंडं असलेली जागा सुरक्षित असं त्यांचं गणित असतं, आणि हे गणित आपल्याला खोटं अंडं ठेवून सोडवता येतं.

मोबाईलवर एक जण सांगत होता रात्री बदकांवर जाड कापड टाका, खोक्यात कोंबा, आवाज आपोआप बंद. हवा कोंडली, भुसा ओला झाला की अमोनिया चढतो नि डोळे-फुफ्फुस जातात. असले उपाय सांगणाऱ्याला एक रात्र खोक्यात ठेवावं.

१६ फेब्रुवारी, रविवार

कॅरेट चार, अंडी एकातच. डावीकडून दुसरं. तिघी त्याच एका खोक्यासाठी भांडताहेत, मिरची आत बसली की बिजली दाराशी उभी राहून तोंड भरून शिव्या देते, बाकीचे तीन रिकामे. भुसा तोच, अंडं तसंच, अंधार तेवढाच. मी डावीकडून दुसऱ्याची जागा बदलून बघितली तर त्या खोक्यामागे नाही, त्या जागेमागे गेल्या. म्हणून आता त्याच जागेला दोन खोके तोंडाला तोंड लावून ठेवलेत, मधे फळी. थोडं भांडण कमी झालंय.

पहाटेचं एकसुरी ओरडणं मात्र निम्म्यावर आलं. शेवंता आणि मिरची जवळपास गप्प. राहिली बिजली. ती अजून पाचलाच सुरू होते आणि खोक्यात जाऊन येऊन ओरडते, म्हणजे जागा मिळूनही ओरडते, तर कारण दुसरं आहे.

१८ फेब्रुवारी

कारण खांबावर आहे.

गल्लीत दिवाळीनंतर नवीन एलईडी लागलाय, पांढराशुभ्र, आमच्या मागच्या अंगणात सुई पडली तर सापडेल असा. रात्री अडीचला उठून गेलो तर चारी माद्या जाग्या, ठमी चरतेय सुद्धा. त्यांच्या दृष्टीनं रात्र झालेलीच नाही.

याच्यावर थोडं लिहितो कारण सगळ्या सीझनचं मूळ इथं आहे. बदक अंड्यावर येतं ते उजेडाच्या तासांवर. दिवस लांबू लागला की शरीर तयारीला लागतं. आपल्याकडे डिसेंबरात दिवस अकरा तासांच्याही थोडा आतच, जूनमध्ये साडेतेराच्या जवळ, म्हणून संक्रांतीनंतर हळूहळू हालचाल सुरू होते. पोल्ट्रीवाले हेच बल्ब लावून करतात, चौदा ते सोळा तास उजेड देतात नि वर्षभर अंडी काढतात. आणि मजा म्हणजे पक्ष्याला उजेड कळायला डोळेच लागतात असं नाही, कवटीतून आत गेलेला उजेड सुद्धा मेंदूतला एक भाग ओळखतो. म्हणजे डोळे मिटून झोपलं तरी खांबावरचा दिवा त्यांना सांगतोच, की उठा दिवस मोठा झाला. एकदम एवढा उजेड मिळाला की शरीर घाईवर येतं आणि स्वभाव बिघडतो तो वेगळाच.

खांबावरच्या दिव्याचं झाकण फिरवून द्या म्हणून ऑफिसात अर्ज देऊन आलो. तिथल्यांनी घेतला, शिक्का मारला, खुर्चीवरच्यानं "बदकांसाठी?" असं दोनदा विचारलं. अर्जावर विसंबून राहण्यात अर्थ नाही, म्हणून खुराड्याच्या खांबाकडच्या बाजूला डबल बारदान नि त्यावर काळं मल्चिंग पेपर, शेतात अंथरतात ते प्लास्टिक (नेहमीच्या ठिबकवाल्याकडे तुकडे पडलेले असतात, फुकट देतो). हवा जायला खालून वीतभर नि पलीकडची बाजू पूर्ण जाळीची उघडी.

२० फेब्रुवारी

आज बिजली सहा वाजून काही मिनिटांनी. काल साडेपाच. उद्या मराठीचा पेपर.

अजून एक केलंय, आधी मी उठलो की साडेपाचलाच दार उघडायचो, आता साडेआठ-नऊशिवाय उघडत नाही. बदकांची अंडी बहुतेक पहाटे ते सकाळी नऊच्या आत पडतात, आत ठेवलं तर अंडी आतच सापडतात, चिखलात शोधत फिरायला नको नि मुंगसाला फुकटचा नाश्ता नको. फक्त आत पाणी लागतं. चोच पूर्ण बुडेल एवढं खोल, नाकपुड्या धुता आल्या पाहिजेत, आणि खाणं ठेवलं असेल तर पाणी हवंच हवं, बदक कोरडं गिळताना ठसका लागून मरू शकतं. बादली कापून विटात बसवली म्हणजे सांडत नाही.

आणि साडेपाचला मी मागच्या दाराची कडी सुद्धा वाजवत नाही. कडीचा आवाज म्हणजे खाणं आलं असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. दात घासायला पुढच्या नळावर जातो.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

नाना म्हणे "आते जरा बरं शे." नानांच्या तोंडून हे म्हणजे प्रमाणपत्र. साडेसहाच्या आत ओरडणं जवळपास बंद, कुत्रं भुंकलं तर तेवढं एखादं. साडेसहा ते आठ मात्र दणक्यात चालू आहे, त्यावर कुणाची तक्रार नाही, तोवर सगळ्या गल्लीत नळाला पाणी आलेलं असतं नि बाया-माणसं बदकांच्या वर ओरडत असतात.

उपवासाचा दिवस, तिघींची तीन अंडी, घरात खाणारं कोणी नाही.

५ मार्च

खाण्याची नोंद. नानांनी आपुलकीनं सरकी ढेपेचं अर्धं पोतं आणून ठेवलं, म्हणे म्हशीला लागते तर बदकाला का नको. परत कसं करायचं, माणूस पहिल्यांदा खुश झालाय. पण सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, अंड्याचं पिवळं ठेवल्यावर हिरवट-तपकिरी पडतं, नि जास्त झालं तर पक्ष्यालाही बरं नाही. ढेप मेव्हण्याच्या म्हशीकडे गेली, नानांना सांगितलं बदकं खुश आहेत.

भुईमुगाची ढेप तर दारात पण आणू नये. तिला नि जुन्या मक्याला बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, आणि त्याला बदकाइतका नाजूक पक्षी क्वचितच. १९६० ला इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पटापट मेल्या, रोग कळेना, म्हणून त्याला नावच "टर्की एक्स" दिलं, बदकाची पिल्लंही गेली त्यात, आणि शेवटी निघालं काय तर ब्राझीलवरून आलेली बुरशीची भुईमूग पेंड. आपल्याकडे रब्बीचा मका घरात पोत्यात पडून असतो, वरवर चांगला दिसतो, वास घेऊन फोडून बघितल्याशिवाय टाकत नाही.

सध्या लेयर मॅश (अंड्यावरच्या पक्ष्यांचं तयार खाद्य) ओलसर करून, वर तांदळाची कणी, पालक-मेथीचे देठ. शिंपल्याचा चुरा वेगळ्या घमेल्यात, ज्याला लागेल त्यानं खावा. मॅशमध्ये मिसळत नाही कारण नरांना एवढं कॅल्शियम नको, मूत्रपिंडाला त्रास होतो. संध्याकाळी चुरा भरायचा. अंड्याचं कवच बनायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि ते काम रात्रीतून चालतं, तेव्हा पोटात शिंपला असलेला बरा. संध्याकाळचं पोटभर खाणं हा पहाटेच्या आवाजावरचा पण उपाय आहे, रिकाम्या पोटाचं बदक लवकर उठतं.

१४ मार्च, धुळवड

डीजे. काल रात्री होळीला ढोल, आज सकाळपासून डीजे. बदकं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली, आवाज एक नाही. दुपारी मिरचीनं विना कवचाचं अंडं टाकलं, नुसती पिशवी. घाबरलं की होतं असं. दारं लावून, आत छोटासा झिरोचा बल्ब लावून ठेवला. पूर्ण काळोखात घाबरलेली बदकं धावपळ करून पाय मोडून घेतात. दोन दिवसांत नीट व्हायला पाहिजे.

गल्लीतलं पोरगं म्हणे काका तुमच्या बदकांचा आवाज येत नाही आज. बाबा तुझा डीजे बंद कर मग येईल.

२२ मार्च

आता चिडचिडीची बाजू. आवाजाचं बरं चाललं होतं तर मिरची चावायला लागली. मला पायाला, बायकोला साडीला, आणि शेवंताला तर बघून घेते. दोन-चार दिवस बघितल्यावर लक्षात आलं की मारामारी नेहमी नरांच्या आसपास होते. मिरची सरपंचाजवळ जाते, मान तिरकी करून खांद्यावरून उपसरपंचाकडे चोच दाखवत ओरडते, आणि सरपंच लगेच उपसरपंचावर धावून जातो. म्हणजे बाई भांडण लावून देतात! कोनराड लोरेन्झ म्हणून पक्ष्यांचा अभ्यास करणारे होते, १९७३ चं नोबेल मिळालं त्यांना, त्यांनी बदकांच्या याच सवयीवर लिहून ठेवलंय, मादी आपल्या नराला दुसऱ्यावर सोडते. इथं अमळनेरात आमच्या धुण्याच्या दगडाजवळ रोज सकाळी तोच कार्यक्रम.

पण नुसती गंमत नाही. ठमी आणि शेवंताच्या मानेमागची पिसं गेलीत, कातडी दिसते. नर चढताना तिथं धरतो. चार माद्यांना दोन नर म्हणजे जास्तच, एका नराला चार ते सहा माद्या असं धरतात. तर उपसरपंचाची बदली पारोळ्याकडे, मेव्हण्याच्या शेततळ्यावर, तिकडे माद्या भरपूर आहेत. बाईकवर डालग्यात घालून नेला, रस्ताभर लोकांनी बघितलं.

२५ मार्च

फरक दोन दिवसांत. मिरची अजून चावते पण रोज नाही. ठमीच्या मानेला हळद-खोबरेल लावायचा सल्ला आईनं दिला, मी नुसतं स्वच्छ ठेवलंय, तेल लागलं की पिसं पाणी धरतात.

२९ मार्च

आज घाबरलो. शेवंता गप्प होती. सकाळी सगळ्या ओरडत बाहेर आल्या, ही मागे, शेपूट वर-खाली करतेय, पाठ ताठ, उभी राहायची पद्धत वेगळी, खात नाही. इतके दिवस आवाज कमी कसा होईल बघत होतो आणि आज आवाज नाही म्हणून हात गार पडले. अंडं अडकलं होतं. हात घालून काढायचं, दाबायचं असलं काही करायचं नसतं, आत फुटलं तर संपलं. कोमट पाण्याच्या टबात अर्धा तास धरून बसलो, मग टॉवेलात गुंडाळून पशुवैद्यकीय दवाखान्यात. शनिवार होता तरी डॉक्टर होते, त्यांनी कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, उबेत नि अंधारात ठेवा म्हणाले. तिथं रांगेत गायी-म्हशी, शेळ्या आणि मधे मी मांडीवर बदक घेऊन, एक आजीबाई म्हणे "हाई काय शे व माय, बदकले बी इंजेक्शन!"

दुपारी साडेतीनला अंडं पडलं, मोठं, खरबरीत, एका बाजूला चुन्याचा गठ्ठा. संध्याकाळी शेवंतानं आमच्या बायकोवर नीट दोन-तीन क्वॅक केले. आईनं दृष्ट काढली.

यापुढे रोज सकाळी मोजायचं ते अंडी नाही, कोण ओरडलं नि कोण नाही ते.

१० एप्रिल

ऊन लागलंय. दुपारी अंगणात चटके. ओरडण्याची वेळ सरकलीय, पहाट शांत आणि दुपारी एक ते चार कटकट. बदकाला घाम येत नाही, चोच उघडून धापा टाकतं, पायांतून नि चोचीतून उष्णता जाते, त्यामुळे पाण्यात पाय असले की निम्मं काम होतं. घराच्या सावलीत जुना लहान मुलांचा टब बसवला, विटांच्या पायऱ्या, वर हिरवं शेडनेट, भोवती गोणपाट ओलं. पाणी दिवसातून दोनदा बदलायचं, आणि इथं नळाला पाणी रोज येत नाही तेव्हा तेच घाण पाणी पपईला नि कढीपत्त्याला. कढीपत्ता भलताच फोफावलाय.

अंडी कमी झालीत, चालायचंच. उन्हात खाणं कमी होतं. मॅश पहाटे नि संध्याकाळीच, दुपारी ओलं ठेवलं की दोन तासांत आंबतं.

एक बघितलं, टब निम्म्याच्या खाली गेला की बिजली येऊन मागच्या दारासमोर ओरडते. पाणी घातलं की थांबते. हे ओरडणं नाही, हा मीटर आहे.

२० एप्रिल

ठमी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला. खाकी कॅम्पबेलला खुडूकपणा फारसा नसतो, वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी द्यायच्या नादात तो स्वभाव निवडीत मागे पडलाय, पण ठमी गावठी. कॅरेटात पसरून बसलीय, हात नेला की फुस्स करते, पिसं फुगवते, पोटाची पिसं उपटून घरट्यात टाकलीत. दिवसातून एकदा बाहेर येते, आणि येते तेव्हा सगळ्या अंगणाला आरडाओरडा करून सांगते, भराभर खाते, डुबकी मारते, परत आत.

आईचं म्हणणं बसू दे, पिल्लं निघतील. बदकाचं अंडं उबायला अठ्ठावीस दिवस, म्हणजे निघायची मे महिन्याच्या मध्यात, अमळनेरच्या उन्हात. मला नाही पटत. शिवाय चार पिल्लांतल्या दोन माद्या निघाल्या तर नाना परत पुढच्या दारानं येतील.

म्हणून खुडूक मोडायचं. खालची सगळी अंडी काढली, खोटं सुद्धा काढलं. रात्री तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, विटांवर उचलून ठेवलेल्या, म्हणजे पोटाखालून हवा खेळते नि ऊब धरत नाही. भुसा नाही. पाणी-खाणं समोर. दिवसा बाकीच्यांसोबत सोडायची पण खुराड्याचं दार बंद. काही जण बुडवून काढतात गार पाण्यात, ते नको, आधीच तिचं डोकं ठिकाणावर नाही.

२४ एप्रिल

मोडलं. चार दिवस घेतले. मधल्या काळात ठमीनं जे काय ऐकवलं ते ऐकून नानांची सून भिंतीवरून म्हणाली, भाऊजी हिला बसूच द्यायचं होतं. पण आता चरतेय सगळ्यांसोबत.

३० एप्रिल, आखाजी (अक्षय्य तृतीया)

घरात खापराच्या पुरणपोळ्या, आमरस. गल्लीतल्या पोरींचे झोके आणि गाणी, आणि आज पहिल्यांदा मिरची नि बिजली गाण्याला उत्तर देत होत्या. पोरींना ते भारी वाटलं, मुद्दाम परत परत म्हणत होत्या.

नानांना बदकाची सहा अंडी दिली. नानांनी नवापूरचा विषय काढला, २००६ ला आपल्याच खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यात बर्ड फ्लू आला, २०२१ ला परत, लाखो कोंबड्या गेल्या, तुला काही भीती नाही का. आहे ना. बदकाचं तर असं की विषाणू अंगात असून वरून धडधाकट दिसू शकतं. म्हणून रानपक्षी येतील असं उघड्यावर दाणे टाकत नाही, बोरी नदीकडे चरायला नेत नाही, नवीन पक्षी आणला तर वेगळा ठेवतो, आणि अचानक दोन-तीन मेले तर गुपचूप पुरायचे नाहीत, दवाखान्यात कळवायचं. अंडी पूर्ण शिजवून खा म्हटलं, पिवळं घट्ट होईपर्यंत. नाना म्हणे आम्ही कच्चं कधी खाल्लंय.

नातवाचे पेपर बरे गेलेत म्हणे.

११ मे

यात्रा चालू आहे, सखाराम महाराजांची, उद्या पौर्णिमेची पालखी. पाहुणे घरात, मागच्या अंगणात अंथरुणं टाकून झोपलेत. पुण्याचा भाचेजावई सकाळी सातला उठून विचारतो हे काय आहे. साडेसहानंतरच आहे दाजी, करार झालेला आहे.

खांबावरच्या दिव्याचं झाकण अजून तसंच. बारदान फाटायला आलंय, पावसाआधी बदलायचं.

८ जून

अंडी जवळपास थांबली. शेवंता, बिजली, ठमी तिघींची पिसं गळताहेत, अंगणभर पिसं, नि स्वभाव एकदम मऊ, हाताजवळ येतात. पिसं येताना प्रोटीन लागतं म्हणून मॅशसोबत थोडं उकडलेलं अंडं कुस्करून, आईला हे बघवत नाही. शिंपल्याचं घमेलं मात्र तसंच ठेवलंय कारण मिरचीचं एक दिवसाआड चालू आहे, नि चावणं पण.

पावसाची तयारी. खुराड्यात ओल आली की पाय सुजतात नि भुशाला बुरशी, म्हणून तळ हातभर उचलायचाय. नाल्याकडच्या बाजूला मुरूम टाकायचाय, एक ट्रॉली सांगितलीय, येईल तेव्हा खरं. कॅरेट धुऊन उन्हात टाकले, डावीकडून दुसऱ्यावर खडूनं खूण केलीय.